नवा स्टार्टर आणि कापडी पिशवी

दाजींचं म्हणणं असं, की स्वतःच्या ट्रकचा स्टार्टर बदलायला जो मेकॅनिक बोलावतो त्यानं ट्रक विकून सायकल घ्यावी. गुरुवारी सकाळी हे त्यांनी बायकोला ऐकवलं, तेव्हा ती आपल्या नर्सरीत वाकून रोपं मोजत होती. चारशे रोपं. वर्षभर तिनं ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली, आणि शनिवारी दहाच्या आत ती एका शाळेत पोचवायची होती. तिची पहिलीच मोठी ऑर्डर. उशीर झाला तर दुसरीकडून घेऊ, असं शाळेनं साफ सांगितलं होतं.

"टेम्पो सांगू या का?" ती म्हणाली.

"दारात ट्रक असताना टेम्पो? मी काय मेलोय?"

ट्रकचं वय सव्वीस. स्टार्टर दोन महिन्यांपासून नुसता कण्हत होता, म्हणून दाजी ट्रक कायम उतारावर लावायचे आणि गडगडवत चालू करायचे. पण रोपं भरायला त्यांनी तो मोठ्या ऐटीत नर्सरीच्या तळाला आणला आणि सवयीनं बंद केला. तिथून चारी बाजूंना चढ. हे ध्यानात आलं तेव्हा धाकटा मेव्हणा शेजारीच उभा होता, त्यामुळे "मुद्दामच इथं लावलाय" म्हणणं भाग पडलं.

दाजी तडक दुकानात गेले.

"किती व्होल्टचा?" दुकानदारानं विचारलं.

"चोवीस."

"पुढच्या गिअरला दात किती?"

दाजींनी रुबाबात घरी फोन लावला. "अगं, स्टार्टरचे दात मोज बरं."

"तो काढल्याशिवाय दात दिसतील कसे?" बायको म्हणाली. दाजी मान खाली घालून परत आले, ट्रकखाली शिरले, आणि दुपारी जुनं धूड हातगाडीवर घालून पुन्हा दुकानात हजर झाले. दात नऊ, बोल्टची भोकं तीन. दुकानदारानं तसाच नवा स्टार्टर काढून दिला, पण आकारानं निम्मा.

"एवढासा?" दाजींनी तो हातात तोलून पाहिला. "वजन कुठंय याला?"

"तुम्हाला इंजिन फिरवायचंय की दार अडवून ठेवायचंय?"

शुक्रवारी सकाळी दाजींनी बसवायला घेतला. मेव्हणा पाने-पक्कड द्यायला, म्हणजे खरं तर व्याख्यान ऐकायला. "आधी बॅटरीची वायर सोडवायची. मग इंजिन बंद करायचा हा खटका बाहेर ओढून ठेवायचा. आपण खाली असताना चुकून चालू झालं तर? सेफ्टी म्हणतात याला." मेव्हण्यानं मान डोलावली. थोड्या वेळानं बायको पावतीपुस्तकाची पिशवी केबिनमध्ये ठेवून गेली, आणि दोघं जेवायच्या आत स्टार्टर बसवून मोकळे झाले.

दाजींनी वायर जोडली, किल्ली फिरवली. इंजिन असं गरागरा फिरलं की विचारू नका. फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं. चालू काही होईना.

"हवा धरली असणार," दाजी म्हणाले. डिझेलच्या पाइपातली हवा काढण्यात दुपार गेली. दाजी कोपरापर्यंत डिझेलनं माखले. ट्रक ढिम्म.

"दाजी, उलटा तर फिरत नाही ना?" मेव्हणा हळूच म्हणाला.

झालं! आता दाजींना तो उलटाच फिरताना दिसू लागला. त्यांनी स्टार्टर काढला आणि दुकानदाराच्या टेबलावर आपटला. त्यानं शांतपणे जुना आणि नवा दोन्ही बॅटरीला लावून दाखवले. दोघं एकाच दिशेनं फिरले. दाजी नवा स्टार्टर काखेत मारून परत आले.

शनिवारी आठला स्टार्टर पुन्हा जागेवर होता. मागं चारशे रोपं भरून तयार. ट्रक अजूनही नुसताच गरगरत होता आणि आता बॅटरीही दमत चालली होती. दाजी स्टिअरिंगला डोकं टेकून बसले. त्यांना आता स्वतःच्या फजितीचं नाही, तिच्या ऑर्डरचं वाईट वाटत होतं. तिनं एका शब्दानं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. पण ती रोपांवर पाणी शिंपडत राहिली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "टेम्पो बोलव."

"नंबर माझ्या पिशवीत आहे." तिनं केबिनमध्ये हात घालून खुंटीला अडकवलेली कापडी पिशवी काढली.

दाजी त्या खुंटीकडे बघतच राहिले. आपल्या ट्रकला खुंटी कुठून आली? ती खुंटी नव्हती. तो शुक्रवारी त्यांनीच ओढून ठेवलेला खटका होता. तो बाहेर असेपर्यंत इंजिनाला डिझेलचा थेंबही मिळत नाही. त्यावर पावतीपुस्तकाची पिशवी आदल्या दिवसापासून लटकत होती आणि दाजी जगभराच्या चुका शोधत होते.

त्यांनी खटका आत ढकलला. किल्ली फिरवताच ट्रक धडधडून चालू झाला.

"काय होतं?" मेव्हणा धावत आला.

"मी होतो," दाजी म्हणाले.

पावणेदहाला ते शाळेच्या फाटकात होते. रोपं उतरवायची म्हणून दाजींनी खटका ओढून इंजिन बंद केलं. बायकोनं लगेच त्यावर पिशवी अडकवली.

"आता कशाला?" दाजी कळवळून म्हणाले.

"राहू द्या. परत निघताना मी पिशवी मागेन, म्हणजे तुम्हाला आठवेल."

जुना स्टार्टर नर्सरीचं दार अडवून ठेवतो. ते काम मात्र तो चोख करतो. आणि दाजी हल्ली मेव्हण्याला ट्रक चालू करायला शिकवताना सगळ्यात आधी, आवाज जरा खाली आणून, पिशवी काढायला सांगतात.