स्वल्पविराम कुणाचा?

कुणीही आकडा उच्चारला की आमचे पगारेसाहेब हात वर करून विचारायचे, “स्वल्पविराम कुणाचा?” एकदा कँटीनच्या रघूनं “साहेब, दोन चहा?” म्हटलं, तरी तोच प्रश्न. रघू म्हणाला, “चहात कसला विराम साहेब? नुसती साखर हाय!”

पण साहेबांनी ठेच खाल्ली होती. एकोणीसशे ऐंशीनंतर सिन्नरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि तो पगाऱ्यांच्या ताब्यात गेला. जर्मनीहून मापांच्या याद्या यायच्या. आपण हजारानंतर स्वल्पविराम देतो. जर्मन माणूस दशांशाच्या टिंबाच्या जागी देतो. कॉम्प्युटरला ती नुसती अक्षरं. पगाऱ्यांच्या प्रोग्रॅमनं स्वल्पविराम गाळून त्यांचा आकडा केला आणि १२,५०० मिलिमीटरचा, म्हणजे साडेबारा मिलिमीटरचा दांडा थेट साडेबारा मीटरचा झाला! स्टोअरचे गायधनी धावत आले, “साहेब, दांडा ठेवायला भिंत पाडू का?”

तेव्हापासून त्यांचा प्रोग्रॅम प्रत्येक यादीआधी विचारायचा: स्वल्पविराम कुणाचा? एक, आपला. दोन, त्यांचा.

साहेबांची बायको वारली होती. मुलगा मिलिंद जर्मनीत शिकायला गेला, त्यानं तिकडेच लग्न केलं. तरी पत्रात “दोन वर्षांत येतो” असायचंच. नाशिकला इंदिरानगरच्या घरातली त्याची खोली साहेब दर दिवाळीला रंगवून घ्यायचे. “येणारच तो,” म्हणायचे. कुणी विचारलेलं नसायचं.

एका उन्हाळ्यात पत्र आलं. साहेबांनी ते ऑफिसात मोठ्यानं वाचलं, “मुलगी झाली. वजन,” आणि थांबले. मी डोकावलो. मिलिंदनं लिहिलं होतं: ३,४५० किलो.

“साहेब!” मी ओरडलो, “नात झाली की मालगाडी?”

सगळे हसले. साहेबही हसले. मग त्यांनी तो आकडा कॉम्प्युटरवर टाकला. पडद्यावर प्रश्न आला. त्यांचं बोट ‘एक’वर बराच वेळ तरंगलं. शेवटी त्यांनी ‘दोन’ दाबलं.

“साडेतीनला थोडी कमी,” ते म्हणाले. “छान आहे.”

‘येतो’ हा शब्द त्या पत्रात कुठेच नव्हता.

दुपारी त्यांनी उत्तर लिहिलं आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिलं. त्यात एक ओळ होती: नाशिकला आज ३८,५ अंश ऊन आहे.

“साहेब, हा स्वल्पविराम?”

“त्यांचा,” ते म्हणाले. “पुढेमागे नातीला वाचता यायला हवं ना.”

पत्र मराठीत होतं. मी ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि परत दिलं.