नवप्रकाश कॉलनीचे दात

माणसाला डोके असते, ही गोष्ट मानवजातीला फार पूर्वीपासून ठाऊक होती. ते दुखते, हेही ठाऊक होते. ते आतल्या आत आजारी पडू शकते हे कळायला मात्र काही हजार वर्षे गेली, आणि कळल्याबरोबर ही गोष्ट कुणाला सांगायची नाही यावर सगळ्यांचे एकमत झाले. इतके झटपट एकमत मानवजातीत दुसऱ्या कुठल्याही विषयावर झालेले नाही.

हा सारा इतिहास नाशिकच्या नवप्रकाश कॉलनीत फलकांवर मांडण्याचे काम सावळीराम पगारे यांच्याकडे आले. सावळीराम पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आणि कॉलनीच्या प्रबोधन मंडळाचे सचिव. मंडळ दर उन्हाळ्यात एक प्रदर्शन भरवते. मागच्या खेपेला विषय होता प्लास्टिकमुक्ती (फलक प्लास्टिकचे होते, कारण कागद टिकत नाही). यंदाचा विषय ‘मनाचे आजार : काल आणि आज’. तो अध्यक्ष धनराज साळवे यांनी दिवाळीनंतरच्या बैठकीत सुचवला, आणि सुचवताना आपला या विषयाशी वैयक्तिक काही संबंध नाही, हे कुणी न विचारता दोनदा सांगितले.

सावळीरामांचे अक्षर टपोरे. ऑफिसातून आल्यावर चहा घेऊन ते फलक लिहायला बसत. पहिल्या फलकावर प्राचीन काळ घेतला. तेव्हा डोक्यात भूत शिरले तर कवटीला भोक पाडून त्याला बाहेर जायला वाट करून देत. (भूत गेले की नाही हे कळत नसे. माणूस मात्र बरेचदा जाई.) दुसऱ्यावर काळे पित्त. उदासपणा पित्ताने येतो असे ठरल्यामुळे रक्त काढणे आणि जुलाब देणे हे दोन उपाय करीत, आणि त्यानंतर उदास राहायलासुद्धा माणसात ताकद उरत नसे. तिसऱ्यावर साखळदंड आणि वेड्यांची इस्पितळे. परदेशात तिथे लोक हौसेने पाहायला जात. करमणूक आणि आरोग्य ही खाती तेव्हा वेगळी झालेली नव्हती. चौथ्यावर अंगावर गार पाणी ओतणे आणि खुर्चीला बांधून गरगर फिरवणे. पाचव्यावर विसावे शतक. या शतकात रुग्णाला मुद्दाम हिवताप दिला गेला, आणि नंतर मेंदूतले धागेही कापले गेले. दोन्ही शोधांना जगातला सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला. रुग्णांचे अभिप्राय मात्र उपलब्ध नाहीत.

शेवटच्या फलकावर आजचा काळ होता. गोळ्या आल्या, समुपदेशन आले, कायदाही आला. त्याखाली सावळीरामांनी लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘लाज सोडा, मोकळे बोला.’

हे लिहीत असताना शेजारच्या खोलीचे दार लोटलेले असे. आत त्यांची मुलगी अंजली भिंतीकडे तोंड करून पडलेली असे.

अंजली बावीस वर्षांची. बी.एस्सी. करून अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागली होती. दिवाळीनंतर तिने जाणे सोडले, मग केस विंचरणे सोडले, मग जेवणही अर्ध्या चपातीवर आले. काय होतंय विचारले की म्हणायची, “काही नाही पप्पा, नुसतं जड वाटतं.” मग सावळीराम उठून फलकाला किनार काढायला घेत.

मात्र पगारे कुटुंब हातावर हात ठेवून बसले असा आरोप कुणी करू नये. मानवजातीला जे उपचार शोधायला हजारो वर्षे लागली, ते त्यांनी एका हिवाळ्यात करून पाहिले.

सुरुवात गार पाण्याने झाली. आळस जाईल म्हणून लताबाईंनी मुलीला नाशिकच्या डिसेंबरात भल्या पहाटे थंड पाण्याने न्हाऊ घातले. अंजली थरथरत उभी राहिली, तेव्हा लताबाईंनीच तांब्या खाली ठेवला आणि तिला टॉवेलात गुंडाळून रडल्या. मग शेजारच्या पुतळाबाई मीठ-मिरच्या घेऊन आल्या. पगाऱ्यांच्या घरात तीन पिढ्या असल्या गोष्टींना थारा नाही. कॉलनीत दारावरची लिंबू-मिरची दिसली तर ती उतरवायला सावळीराम स्वतः स्टूल घेऊन जात. त्यामुळे त्या दिवशी ते तत्त्वाला जागून, दृष्ट काढून होईपर्यंत गच्चीवर थांबले. मीठ हवेतली वाईट ऊर्जा ओढून घेते आणि हे विज्ञान आहे, असे त्यांना मोबाइलवर कुणीतरी पाठवले होते. ते त्यांनी गच्चीवर दोनदा वाचले.

यानंतर हवापालट. जुन्या काळी असल्या माणसाला गावाबाहेर काढून देत. तो प्रकार अमानुष म्हणून बंद झाला, आणि आता माणसाला मावशीकडे पाठवतात. अंजलीला सायखेड्याला लताबाईंच्या बहिणीकडे, चिमणाबाईंकडे पाठवले. नदीचा काठ आहे, बरे वाटेल. चारच दिवसांत चिमणाबाईंचा फोन आला. तो सावळीरामांनी ऑफिसात घेतला.

“दाजी, पोरगी घाटावर एकटीच बसती अन् पाण्याकडं बघत राहती,” चिमणाबाई म्हणाल्या. “मला भ्या वाटतं. तुमी येऊन तिला घेऊन जा.”

सावळीरामांनी हाफ डे टाकला नाही, अर्जही दिला नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा ते न सांगता उठले आणि स्कूटर काढून सायखेड्याला गेले. परतीच्या वाटेवर अंजली मागे बसली होती. ती इतकी हलकी लागत होती की दर थोड्या वेळाने ते विचारत, “धरलंय ना शर्टाला?” ती “हो” म्हणायची. ते पुन्हा विचारायचे. नाशिक येईपर्यंत त्यांनी दुसरे काही विचारले नाही, आणि नाशिकात शिरल्यावर स्कूटर घराकडे न वळवता सरळ डॉक्टरकडे नेली.

डॉक्टर मोहिनी जोंधळे मनाच्या डॉक्टर आहेत. त्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर. खाली डॉक्टर मयूर यांचा दातांचा दवाखाना, आणि त्याला लागूनच वर जाणारा जिना. सावळीरामांनी स्कूटर जिन्यापाशी लावली, आजूबाजूला पाहिले, आणि ढकलत नेऊन दातांच्या दवाखान्यासमोर लावली. मग रुमाल काढून गालाला धरला. अंजलीलाही धर म्हणाले. तिने धरला नाही.

वर बसायच्या खोलीत अध्यक्ष धनराज साळवे बसलेले होते. त्यांच्या पलीकडे किराणा दुकानवाले भिकन अहिरे, त्यांच्या पलीकडे ‘ए’ इमारतीतल्या दोघी जणी. सगळे माशांच्या काचपेटीकडे टक लावून बघत होते. काचपेटीत मासा एकच होता. या खोलीचे शिष्टाचार कुणी लिहून ठेवलेले नाहीत, पण पाळतो प्रत्येक जण: कुणी कुणाला ओळखायचे नाही, नाव पुकारले तर दुसऱ्याचेच असावे अशा चेहऱ्याने उठायचे, आणि उतरताना जिन्याच्या तळाशी गाल धरायचा. आठवड्याने धनराज भाजीबाजारात भेटले, तेव्हा त्यांनीच सौजन्याने विचारले, “दाढ का?”

“दाढच,” सावळीराम म्हणाले.

“माझीही दाढच,” धनराज म्हणाले, आणि दोघांनी मेथीचे भाव विचारले.

इथे इतिहासाच्या अभ्यासकांनी एका मोठ्या बदलाची नोंद घ्यावी. पूर्वी समाज रुग्णाला लपवीत असे. आता तो डॉक्टरला लपवतो. यालाच प्रगती म्हणतात, आणि ती खोटी नाही. कारण गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टर मोहिनी दर मंगळवारी अंजलीशी बोलू लागल्या, आणि फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी अंजलीने कंगवा कुठे आहे म्हणून विचारले. मग जेवताना ठेचा मागितला. लताबाई ठेचा वाटायला आत गेल्या आणि बराच वेळ मिक्सर न लावताच तिथे उभ्या राहिल्या.

अडचण एवढीच झाली की कॉलनीचे दात बदनाम झाले. दर दहा घरांपैकी सात घरांत कुणाची ना कुणाची दाढ दुखत होती. (उरलेली तीन घरे भाड्याने द्यायची होती.) एवढ्या दाढा एकदम कशा बिघडल्या, हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत निघाला. ज्यांना उत्तर माहीत होते त्यांनीच तो सगळ्यात जोरात लावून धरला, कारण गप्प बसावे तर संशय यायचा. दोष पाण्याचा आहे असे ठरले आणि तक्रार गेली. पाणीपुरवठ्याची माणसे आली, टाकीतून बाटल्या भरून घेऊन गेली आणि पाणी उत्तम असल्याचे कळवून मोकळी झाली. तेव्हा प्रदर्शनाच्याच दिवशी मोफत दंततपासणी शिबिर ठेवावे, असा ठराव मंडळाने एकमताने संमत केला. सूचक धनराज, अनुमोदक सावळीराम.

शिबिराला डॉक्टर मयूर यांना बोलावले. तरुण मुलगा, आनंदाने आला. दवाखाना उघडल्यापासून दोन वर्षे त्याच्या दारातली जागा कधी रिकामी नव्हती आणि आतली खुर्ची कधी भरलेली नव्हती. हे सगळे नशीब असते, अशी त्याने आपली समजूत घातली होती.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहाच्या भिंतींवर सावळीरामांचे फलक आणि खिडकीजवळ तपासणीची खुर्ची. सगळी कॉलनी एकेक करून आ करून गेली. नाही कसे म्हणणार? संध्याकाळी समारोपाला डॉक्टर मयूर माईकपाशी आले.

“तुमच्या कॉलनीसारखे दात मी नाशिकमध्ये कुठं पाहिले नाहीत,” ते म्हणाले. “एकाचीही दाढ किडलेली नाही. खरंच कौतुक आहे. फक्त एक विचारतो, राग मानू नका. माझ्या दारात गाड्या लावून तुम्ही जाता कुठं?”

कॉलनी फलक वाचू लागली. भिकन अहिरे कवटीच्या भोकाचे इतके बारकाईने निरीक्षण करू लागले की त्यांचे नाक फलकाला लागले. धनराजांनी प्रश्न तांत्रिक असल्याचे सांगून समिती नेमण्याची तयारी दर्शवली.

“वर जातो,” अंजली म्हणाली. ती शेवटच्या फलकापाशी पाण्याचे ग्लास भरत होती. तिने जग खाली ठेवला. “म्हणजे मी तरी वर जाते. मोहिनी मॅडमकडे. तीन महिने गोळ्या घेतेय. मला मरावंसं वाटायचं. आता नाही वाटत.”

सगळे सावळीरामांकडे वळले. आभार मानायचे म्हणून त्यांच्या हातात दुसरा माईक होता. त्यांना मुलीच्या लग्नाचा विचार आला, ऑफिसचा आला, भावकीचा आला. हे सगळे विचार रांगेने येऊन गेल्यावर त्यांना सायखेड्याचा घाट दिसला, आणि त्या घाटावर कुणी बसलेले नव्हते.

“मी तिला घेऊन जातो,” ते म्हणाले. “स्कूटर डॉक्टरसाहेबांच्या दारात लावतो. चूक झाली. मंगळवारपासून जिन्यापाशी लावीन.”

टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. कॉलनी चहाकडे गेली. चहाच्या रांगेत पुतळाबाईंनी अंजलीला कोपरापाशी धरून बाजूला घेतले आणि हळूच विचारले, “त्या बाई कवा बसत्यात गं? माझी भावजय हाय ना सिन्नरला, तिला लय दिस झोप नाय.” पुतळाबाईंचे स्वतःचे डोळे लाल होते. अंजलीने त्यांना वेळ सांगितली, आणि भावजयीला एकटीला यायला भीती वाटत असेल तर मी बरोबर येईन, असेही सांगितले. पुतळाबाईंनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

दिवे लागेपर्यंत अंजलीकडे चौदा भावजया, नऊ मेव्हणे आणि एक साडू यांच्यासाठी चौकशी झाली. (साडूसाठी अध्यक्षांनी केली.) हे सगळे नातेवाईक बाहेरगावी राहतात आणि नवप्रकाश कॉलनीत असला आजार कुणालाही नाही, ही समाधानाची बाब आहे.

मंगळवारी सावळीरामांची स्कूटर जिन्यापाशी लागली. शेजारी पुतळाबाईंना घेऊन आलेली रिक्षा होती. बाकीच्या गाड्या अजून दातांच्या दवाखान्यासमोरच लागतात, पण त्यांच्यात आता थोडी फट असते, आणि परवा त्या फटीतून डॉक्टर मयूर यांच्याकडे खरोखरच दाढ दुखणारा एक माणूस शिरला. डॉक्टरांनी म्हणे आधी त्याला जिना दाखवला.

वाचकांनी ही हकीकत स्वतःसाठी वाचली नसणार, याची आम्हाला खात्री आहे. ओळखीतल्या कुणासाठी तरी वाचली असणार, बाहेरगावच्या. त्यांना आमचा निरोप सांगावा, की जिन्यापाशी गाडी लावायला अजून भरपूर जागा आहे. आणि हो, सांगताना तो गालावरचा हात खाली घेतलात तरी चालेल.