चुण्यांचं यंत्र

"नऊ वर्षं हातानं घासतेयस. दोन दिवस थांब, यंत्रच करून देतो," असं नवऱ्यानं जाहीर केलं आणि तासाभरात माळ्यावरचं जुनं दार खाली आलं.

शाळेच्या बँडमधल्या मुलींचे चुण्यांचे स्कर्ट ती घरी इस्त्री करून द्यायची. एका स्कर्टला बत्तीस चुण्या. यंदा शाळा वर्षभराचं काम एकाच माणसाच्या नावानं देणार होती, आणि त्याआधी मोठ्या बाई शुक्रवारी तीस स्कर्ट बघायला यायच्या होत्या. लग्न झाल्यापासून तिचं नाव कशावर म्हणून लागलं नव्हतं, दारावरच्या पाटीवरसुद्धा नाही. हे एक लागावं असं तिला फार वाटत होतं.

नवऱ्यानं टेबलावर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि दाराला बिजागऱ्या लावून झाकण केलं. पट्ट्यांत चुण्या खोचायच्या, ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवायची, झाकण लावून गार होऊ द्यायचं. खोचायच्या कुणी आणि फिरवायची कुणी, हा प्रश्नच निघाला नाही.

पहिला स्कर्ट निघाला तो कुणी उशाशी घेऊन झोपल्यासारखा. झाकणावर वजन कमी पडत होतं. पिठाचा डबा ठेवला, तो घसरून फुटला. सासूबाईंच्या ट्रंकेला हात लावला, तर सासूबाईच ट्रंकेवर जाऊन बसल्या. ते बघून नवऱ्याला कल्पना सुचली. तो बायकोकडे निरखून बघायला लागला. इतकं निरखून त्यानं गेल्या कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"अगं, चढ बघू जरा वर."

ती चढून बसली. चुण्या अशा निघाल्या की त्यांच्या धारेवर कागद कापावा.

मग दोन दिवस तेच. खोचायचं, फिरवायचं, वर चढायचं. वीस मिनिटं हलायचं नाही, हललं की चुण्या फुलल्याच. खालून वाफ, वरून घाम. दूध उतू गेलं ते तिनं बसल्या जागेवरून डोळ्यांनी बघितलं. सासूबाईंनी शेजारी सांगितलं की मुलगा राबतोय आणि सूनबाई सकाळपासून टेबलावर. शेजारीण तब्येत विचारून गेली.

तिसावा स्कर्ट झाकणाखाली असताना मोठ्या बाई आल्या. नवरा बाह्या सरसावून बिजागरीला तेल घालत होता. बाईंनी एकोणतीस स्कर्ट उलटेपालटे करून बघितले आणि त्याला म्हणाल्या, "पुरुषमाणसाच्या हाताला इतकी नजाकत मी पहिल्यांदा बघतेय."

"अहो बाई, हे सगळं..." तिनं तोंड उघडलं.

"हलू नकोस," नवरा म्हणाला.

बाईंनी अर्ज पुढे केला. नवऱ्यानं भराभर भरला आणि बाईंकडे द्यायला तिच्या हातात दिला, कारण ती मध्ये होती. तिनं वाचला. नाव त्याचं. काम करणारा तोच. खाली साधनसामग्री: टेबल एक, दार एक, बिजागऱ्या तीन, वजन एक, बासष्ट किलो.

तिनं पेन मागितलं. बासष्टवर काट मारली आणि एकसष्ट लिहिलं. दोन दिवस ती जेवायलासुद्धा धड उतरली नव्हती.

नवऱ्यानं वाकून बघितलं. त्याचा चेहरा पडला.

"एकसष्ट? अगं, वेळेवर जेवत जा. चुण्या सैल पडतील."