रेडिओला ऊन लागलं

ऐन दुपारी रुपरावांच्या हातातल्या ट्रान्झिस्टरनं आधी घसा खरवडला, मग घरघर केली आणि मान टाकली. रुपरावांनी तो हलवून पाहिला, कानाला लावला. रेडिओ स्वतःचा असता तर एक थापट मारून मोकळे झाले असते. पण तो व्याह्यांचा! मौद्याच्या चंपतरावांनी चार दिवस ऐकायला दिलेला, आणि आज ते तो न्यायला येणार होते. चंपतराव म्हणजे लग्नात मोडका पापड वाढला म्हणून ताटावरून उठलेला माणूस. लेक गोपिका त्यांच्याच घरी नांदत होती. इथं रेडिओ बिघडला की तिकडे तिला उठता-बसता टोमणे.

"सकायी तर चांगला गाऊन राहिला होता वं! दुपारी आज पयल्यांदाच लावला!" रुपराव बायकोला म्हणाले.

"मंग ऊन लागलं असन त्याले," वच्छलाबाई म्हणाल्या.

"रेडिओले ऊन लागते काय? काहीबी बोलून राहिली!"

रुपराव भर उन्हात प्रतापनगरच्या नाक्यावर, भैय्याजी दुरुस्तीवाल्याकडे धावले. भैय्याजींनी झाकण उघडून पाहिलं आणि ते हसत सुटले.

"ऊनच लागलं जी! याच्या पोटात जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर हायेत. तापले का नको तिथून करंट गळते, त्यानं अजून तापते, मंग ठप्प! थंडावले का पुन्हा शहाणे. गार जागी ठेवा, बस."

आता घरात गार जागा एकच: खिडकीला लावलेला वाळ्याचा पडदा, म्हणजे टट्टी, आणि तिच्यासमोरची खुर्ची. रुपरावांनी रेडिओ खुर्चीत बसवला, टट्टीवर बादलीभर पाणी मारलं. थोड्या वेळानं गडी गायला लागला. रुपरावांचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच दारात चंपतराव! घामाघूम, चेहरा लालबुंद.

रुपरावांनी गडबडून त्यांना पलंगावर बसवलं. चंपतरावांनी खुर्चीकडे पाहिलं.

"वा जी वा! रेडिओले वाऱ्याची जागा, अन् इवायाले भट्टी?" म्हणत ते उठायलाच लागले.

"नाई नाई! बसा ना जी इथं!" रुपरावांनी रेडिओ खाली ठेवून व्याह्यांना खुर्ची दिली. चंपतरावांची पाठ केवढी रुंद! सगळा वारा तिनंच अडवला. रेडिओ घरघरू लागला, तशी आवाज झाकायला रुपराव जोरजोरानं खोकू लागले.

"तुमाले काय झालं?"

"काई नाई जी. तुमी... तुमी त्याले जरा मांडीवर घेता काय?"

"काहून? तान्हं पोर हाय काय?"

तेवढ्यात रेडिओ गप्प झाला. रुपरावांचा धीरच सुटला. "म्या नाई बिघडवला जी! त्याले ऊन लागते! माह्या पोरीले काई बोलू नका, हात जोडतो!"

चंपतरावांनी वाकून रेडिओकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे तुमच्याकडंबी दुपारी बंद पडते?"

"तुमच्याकडंबी?"

"रोज! म्हटलं, तुमच्या हातून बिघडला म्हनून बोंब मारावी, अन् तुमच्याकडून नवा घ्यावा."

रागवावं की नाचावं, रुपरावांना कळेना. चंपतरावांनी खुर्ची टट्टीकडे वळवली, रेडिओ मांडीवर घेतला. हळूहळू गाणं सुरू झालं. त्यांनी डोळे मिटले.

"इथं बेस वाजते. आमच्या घरी टट्टी नाई."

"मंग?" रुपरावांनी भीतभीत विचारलं.

"मंग काय, मृग लागेपर्यंत राहतो इथंच. इहीनबाई, टट्टीवर अजून एक बादली मारा जी!"