बॅगेची हजेरी

कुणावर लिहावं इतका मी मोठा नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझ्याआधी घरात जे काही लिहिलं गेलं ते फॉर्मवरच. तेव्हा चुकलं तर माफ करा. पण ज्या माणसासमोर बनियनलासुद्धा हजेरी द्यावी लागते, त्याच्यावर कुणीतरी लिहायला हवं, आणि रोह्यात दुसरं कुणी लिहीत नाहीये.

इस्माईलचाचा आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. धाटावच्या एका कंपनीत त्यांनी आयुष्यभर गेटवर कामगारांची हजेरी घेतली. रिटायर झाले, पण हजेरी सुटली नाही. आता ते बॅगांची घेतात. मोहल्ल्यातला कुणीही आखातात निघाला की आधी चाचांकडे येतो. चाचा जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर यादी करतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि पुकारायला लागतात. जाणाऱ्यानं वस्तू वर धरून 'हाय' म्हणायचं.

"टॉवेल?"

"हाय."

"सुई-दोरा?"

"हाय."

"नेलकटर?"

"हाय, चाचा."

"दाखव. गेटवर पण सगळे हायच म्हणायचे."

कुणी कंटाळला की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "आठवण वाटेत येते आणि वस्तू घरात ऱ्हाते." असा अर्धा मोहल्ला त्यांनी रवाना केला. स्वतः मात्र ते सहा महिने एका व्हिसाची वाट बघत होते, मस्कतला मुलीकडे जायला. त्याच्याकडे मी येतोच, पण आधी माझं सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजचं कोलाडला शिबिर होतं. दोन दिवसांचं. कोलाड रोह्याहून रिक्षानं जाता येतं. चाचांनी एक्केचाळीस वस्तूंची यादी केली. तिच्यात मच्छरदाणी होती, दोन कुलपं होती (एक बॅगेला आणि एक ते हरवलं तर) आणि सुके बोंबील होते.

"चाचा, मी काय घर सोडून चाललो नाय."

"जाणारा प्रत्येक जण असंच म्हणतो. बोंबील वर धर."

शिबिरात पहिल्याच संध्याकाळी सरांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि विचारलं, "कुणाच्या बॅगेत काय मेलंय?" मी हात वर केला. दुसऱ्या दिवशी सरांनीच हळूच येऊन विचारलं, "दोन-चार भाजशील का रे?"

चाचांची चूक अशी एकदाच झाली. अल्ताफ कुवेतला निघाला होता. "पासपोर्ट?" "हाय." मग चाचांच्या मनात आलं, की पासपोर्ट सगळ्यात सुरक्षित कुठं राहील? माणूस खिसा विसरेल, पण आईनं दिलेले सुक्या कोळंबीचे सोडे विसरणार नाही. म्हणून त्यांनी पासपोर्ट पिशवीत गुंडाळून सोड्यांच्या डब्यात घातला. डबा खोक्यात, खोक्याला चिकटपट्टी, वर सुतळी आणि चारी बाजूंना अल्ताफचं नाव.

विमानतळावर सोडायला चाचाही गाडीत होते. पेणला चहाला गाडी थांबली आणि अल्ताफनं खिसा चाचपला. मग रस्त्याच्या कडेला खोकं फुटलं. पोह्याचे पापड घ्यायला आलेली माणसं पापड सोडून बघत उभी राहिली. तीन मांजरं आली. पासपोर्ट सापडला तेव्हा अल्ताफ रडायच्या बेतात होता. चाचा म्हणाले, "आता सगळं बाहेर निघालंच हाय, तर एकदा हजेरी होऊन जाऊ दे." आणि त्यांनी ती घेतली. टॉवेलापासून.

तर असे हे चाचा आजवर विमानतळाच्या दारापलीकडे गेलेले नाहीत. चाची गेल्यापासून घरात एकटेच असतात. मुलगी सलमा मस्कतला. नात झोया पाच वर्षांची झाली, पण जावयाला लांब सुट्टीच मिळत नाही, त्यामुळे नातीला त्यांनी फोनवरच बघितलेलं. या वर्षी सलमानं हट्ट धरला, की झोयाच्या शाळेच्या सुट्टीत अब्बांनी यायचंच. व्हिसाचा अर्ज दोनदा परत आला, कारण फोटोत चाचांचे डोळे मिटलेले.

"फोटोवाला रेडी म्हणाला की मिटतात," चाचा म्हणाले. "इंजेक्शनच्या टायमाला मिटतात तसे."

तिसरा फोटो गेला. तोही परत आला असता तर सुट्टी संपली असती आणि गोष्ट पुढच्या वर्षावर गेली असती. चाचांनी बॅग मात्र भरली, आणि हजेरी घ्यायला मला बोलावलं. ते बॅगेपाशी उभे, पत्रिका माझ्या हातात.

"लुंगी?"

"हाय."

"सोडे?"

"हाय."

"पासपोर्ट?"

"खिशात हाय!" ते ओरडलेच.

पत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात अजून काही होतं. मी ते मनात वाचलं.

झोयाशी बोलायला. एक, नाव विचारायचं (माहीत असलं तरी). दोन, शाळेत काय शिकवतात. तीन, मांजर आवडते का. चार, गप्प बसली तर आपण पण गप्प बसायचं.

"काय झालं? पुकार ना," चाचा म्हणाले.

"चाचा, हे बॅगेतलं नाय."

त्यांनी पत्रिका माझ्या हातातून घेतली. मग म्हणाले, "फोनवर ती सलाम बोलते आणि पळते. मी अख्खी शिफ्ट नावानं ओळखायचो रे. पण पाच वर्षांच्या पोरीशी काय बोलतात, ते मला म्हाईत नाय. सलमा एवढी होती तेव्हा मी ड्युटीवर."

मी पत्रिका परत घेतली आणि मच्छरदाणी पुकारली.

गेल्या मंगळवारी दुपारी त्यांनी भिंतीवर मूठ मारून मला बोलावलं. सलमानं मोबाईलवर काहीतरी पाठवलं होतं आणि त्यांचं ते उघडायचं धाडस होत नव्हतं. मी उघडलं. फोटोत चाचांचे डोळे इतके उघडे होते, की मागून कुणी भोंगा वाजवला असावा. मी सगळं दोनदा वाचलं.

"चाचा, झाला! व्हिसा झाला! तीस दिवसांचा!"

मला वाटलं, ते नाचतील. ते बॅगेवर बसले.

"तीस दिवस," ते म्हणाले. "आणि माझ्याकडं प्रश्न तीनच हायत."