पूल वर, भोक खाली

पूल हवेत बांधायचा, तर भोक जमिनीत कशाला, हे सोनबाच्या डोक्यात काही केल्या शिरेना. शेजारच्या मानसिंगच्या रानात सकाळपासून मशीन घरघरत होतं. जंक्शनवर गाड्या तुंबतात म्हणून रुळांवरून रूळ नेणारा उड्डाणपूल होणार, त्यासाठी जमीन तपासताहेत, असं मानसिंग सांगत होता. मानसिंग सांगतोय म्हटल्यावर सोनबाला ते खरं वाटणं शक्यच नव्हतं.

“बोअर हाय त्यो,” तो बायकोला म्हणाला. “नाव रेल्वेचं अन् डोळा माझ्या हिरीवर.”

“रेल्वे कशाला त्येला बोअर पाडून दील?” साखरबाईनं विचारलं.

“तीच तर गोम हाय!”

दुपारी भोकातून चिखलपाणी उसळलं. सोनबा बांधाकडं धावला. त्याचा दोन एकर ऊस त्या एका विहिरीवर उभा होता.

“टँकरचं पानी सोडत्यात त्यात. त्यो बघा पाइप,” साखरबाई म्हणाली.

“लोकांना दावायला!”

तो तडक इंजिनिअर करुणा मॅडमकडं गेला. “पानी किती लागलं?”

“आम्हाला पाणी नको, काका. खडक हवाय. इथं नुसती भुसभुशीत माती आहे, जागा बदलावी लागणार.”

म्हणजे मानसिंगचा बोअर फेल गेला, एवढं सोनबानं ताडलं. आता पाणी असलंच तर ते आपल्याच रानात, हेही त्याला पटलं. त्यानं मॅडमना थेट विहिरीच्या काठावर आणलं. “पाडा हितं.”

“पण खडक लागला तर खांब इथंच येईल, काका.”

“येऊ द्या की!” खांब हे नुसतं निमित्त, असं समजून सोनबानं डोळा मिचकावून संमतीपत्रावर सही ठोकली आणि सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी तेवीस फुटांवर मॅडम आनंदानं ओरडल्या. सोनबा धावला.

“किती इंच पानी?”

“थेंबसुद्धा नाही! अखंड काळा खडक. एवढी विहीर बुजवली की खांब उभा.”

सोनबानं विहिरीत डोकावून पाहिलं. तेवढ्यात बांध ओलांडून मानसिंग आला. त्यानं विहिरीभोवती खांबासाठी आखलेली पांढरी फक्की पाहिली आणि डोळे बारीक केले.

“सोनबाराव, माझं रान सोडून रेल्वेनं तुमचंच कसं धरलं? आतल्या आत कायतरी शिजलंय.”

“शिजलंय तर,” साखरबाई म्हणाली. “ह्यांच्या डोक्यात. कालपासनं.”