फुकटच्या प्याद्याची प्रतवारी

सन १८६४च्या कार्तिकात अकोल्याच्या जुन्या शहरात कापूस ठेवायला जागा उरली नव्हती. लढाई अमेरिकेत चालू होती, पण तिकडचा कापूस अडून इकडच्याला भाव आल्यामुळे वऱ्हाडातली माणसे अंगणात निजत होती, कारण ओसरीवर कापूस निजत होता. तालमीतही गंजी लागली होती आणि पैलवान दारात बसून तिचा पहारा करीत होते. मोर्णेकाठच्या सरकारी सराईतली एक लांब खोली तेवढी रिकामी होती. रिकामी म्हणजे तिच्यात रोज दुपारी चौदा लेकरे बुद्धिबळ शिकत आणि रहमतुल्ला उस्ताद त्यांना शिकवत.

ती खोली कापसाला मिळावी, असा अर्ज नत्थुजी दलालांनी कचेरीत दिला. तहसीलदार महादेवराव न्यायी गृहस्थ होते. चौकशीवाचून ते कुणाचे काही काढून घेत नसत. त्यांनी शिरस्तेदार खुशालरावांना चौकशीला धाडले.

"उस्ताद, या लेकरायले इथं काय भेटते?"

"विचार करायची सवय, सायब."

खुशालरावांनी कागद खालीवर करून पाहिला. "त्याचा रकाना नाई. मोजता येईन असं काही सांगा."

उस्ताद सबुरीचे माणूस होते. घोडा अडीच घरे चालतो, एवढे एका मठ्ठ पोराला त्यांनी चाळीस वेळा समजावले होते आणि एकेचाळिसाव्यांदा समजावायलाही त्यांची ना नव्हती. त्यांनी पट मांडला.

"हे पाहा. उंटापुढचं प्यादं फुकट सोडायचं. समोरचा ते खात बसला का आपली फौज बाहेर काढायची. नवख्यापुढं हा डाव म्हणजे तलवार. मधल्यापुढं लाकडाची तलवार. अन् जाणत्यापुढं? एक प्यादं कमी, बस."

खुशालरावांचा चेहरा उजळला. तीन प्रकारचे खेळाडू म्हणजे तीन रकाने. आठ दिवसांत हुकूम निघाला: 'सदरहू प्यादेदान तिन्ही प्रतींच्या खेळाडूंवर आजमावून पाहावे. प्यादे खुद्द तहसीलदार सोडतील. तिन्ही ठिकाणी फत्ते झाल्यास खोलीतील शिक्षण उपयोगी समजावे. न झाल्यास खोली कापसाकडे वर्ग करावी.'

आता प्रत ठरवायची कुणी? प्रतवारी हे बाजाराचे काम, म्हणून नत्थुजींना बोलावणे गेले. त्यांनी खांद्यावरचे उपरणे पसरले. न बोलता बोटांनी भाव ठरवायच्या बाजारी रिवाजाप्रमाणे त्याखाली त्यांचा हात आणि शिरस्तेदारांचा हात भेटले. बोटे दाबली गेली, सोडली गेली, पुन्हा दाबली गेली. चेहऱ्यांवर काहीच दिसले नाही. उपरणे उचलले तेव्हा खुशालराव पहिल्या प्रतीचे निघाले, नत्थुजी दुसऱ्या, आणि उस्ताद चौदा लेकरांसह तिसऱ्या.

"खेळून पाहायचं नाई का?" उस्तादांनी विचारले.

"कापूस काय आमी नेसून पाहतो का?" नत्थुजी म्हणाले. "गंजीतली एक मूठ काढाची, तिच्यावरून गंजी समजते. तुमच्या गंजीतून मी ही पोरगी काढली."

ती पोरगी म्हणजे उस्तादांची नात सईदा. वय नऊ.

सामन्याला साठ माणसे जमली. पहिला डाव खुशालरावांशी झाला. महादेवरावांनी प्यादे सोडले. खुशालरावांनी ते प्रसादासारखे दोन्ही हातांनी घेतले. महादेवरावांनी उंट काढला, मग घोडा दोन घरे सरळ पुढे नेऊन शह दिला. खुशालरावांनी आपला राजा आडवा केला.

"हुजूर," ते म्हणाले, "याले तोडच नाई."

दुसऱ्या डावात नत्थुजी पेचात सापडले. जिंकले तर खोली मिळणार होती, पण तहसीलदारांना हरवून मिळालेल्या खोलीचा दरवाजा फार दिवस उघडा राहत नाही, हे त्यांना कळत होते. ते पंधरा चालींत हरले, आणि हरताना वाहवाही करीत होते.

सईदा पटाशी बसली तशी खुशालराव उस्तादांच्या कानाशी लागले. "पोरीले खुणवा. एक डाव हरली का खोली तुमची. लेकरं सावलीत राहतीन. काहून जिवाले घोर लावून घेता?"

उस्तादांनी सईदाकडे पाहिले. हेही फुकटचेच प्यादे होते, फक्त पटाबाहेर सोडलेले. खूण जाऊ नये म्हणून त्यांनी मान खाली घातली.

महादेवरावांनी प्यादे सोडले. सईदाने ते खाल्ले नाही, आपला घोडा काढला. महादेवरावांनी उंट काढला आणि मग घोडा सरळ दोन घरे पुढे नेला. सईदाने तो उचलला आणि जागच्या जागी ठेवून दिला.

"घोडा अडीच घरं चालते," ती म्हणाली.

महादेवरावांनी सावकाश मान वळवली. "उस्ताद, तुम्ही जाणते. तुम्हीच सांगा, कसा चालतो?"

एका शब्दाचे काम होते. त्या शब्दावर चौदा लेकरांचे छप्पर उभे होते.

"अडीच घरं, हुजूर," उस्ताद म्हणाले. "माहाबी अन् तुमचाबी."

तहसीलदार उठले. डाव तिथेच राहिला.

अहवाल संध्याकाळच्या आत तयार झाला. 'पहिल्या व दुसऱ्या प्रतीत प्यादेदान पूर्ण फत्ते. तिसऱ्या प्रतीचे खेळाडू दिलेले प्यादे घेत नाहीत, वर नियम सांगतात. सबब बुद्धिबळ शिकल्याने बुद्धिबळातील गती कमी होते, हे सिद्ध आहे. खोली कापसाकडे वर्ग.' दुसऱ्या दिवशी खोली छतापर्यंत भरली.

लेकरे आता नदीपलीकडच्या निंबाखाली बसू लागली. पट वाळूत आखायचा, घोडे म्हणून चिंचोके. ऊन सरकले की पटही सरकायचा. अशाच एका दुपारी सईदाने विचारले, "दादाजान, पैल्या डावातबी घोडा सरळच गेला होता. मले दिसला. पण दुसऱ्याच्या डावात बोलू नाई, असं तुमीच सांगतलं. साठ मोठे माणसं होते. ते काहून बोलले नाई?"

"ते वरच्या प्रतीचे लोक, बेटी."

"अन् तुमी?"

उस्तादांनी वाळूतले पुसट झालेले घर पुन्हा आखले. "मीबी पाहिलं होतं," ते म्हणाले.

सईदाच्या प्रश्नातला साठ हा आकडा मात्र तपासून घ्यायला हवा. घोडा किती घरे चालतो, हे या गोष्टीत आरंभीच सांगून झाले होते. खुशालरावांच्या डावात तो दोन घरे सरळ गेला, तो तुमच्याही डोळ्यांसमोरून गेला. तुम्ही पुढे वाचत राहिलात. काळजीचे काही कारण नाही. उपरण्याखाली तुमचीही बोटे दाबून झाली आहेत, आणि तुमची प्रत पहिली लागली आहे.